खालून कापलेलं पत्र

वाचकांच्या पत्रांचं पान माझ्याकडे आहे, पेपरचं नाव राहू दे. लोकांना वाटतं आरामाचं काम आहे, पण रोजची टपाल आणि ईमेल वाचून बघा, निम्म्या लोकांना उपरोध म्हणजे 'वा रे वा', 'धन्य ते प्रशासन' आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं एवढंच वाटतं. असली पत्रं मी शक्यतो घेत नाही. ज्याच्यावर लिहिलंय त्याला घंटा फरक पडत नाही, वाचणाऱ्याला नवीन काही कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याची मळमळ बाहेर पडते.

गिरगावचे एक काका मात्र वेगळे. रिटायर्ड शिक्षक, फुलस्केपवर हाताने लिहितात आणि नातवाच्या मोबाइलवरून फोटो पाठवतात. त्यांचं पत्र आलं फुटपाथवर, आणि पत्रभर नुसती स्तुती. आमच्या गल्लीला वर्षातून तीनदा नवे कोरे पेव्हर ब्लॉक मिळतात, एवढी निष्ठा आम्ही देवपूजेतही दाखवत नाही. साहेबांना ज्येष्ठांच्या तब्येतीची किती काळजी, घराबाहेर पाऊल टाकलं की तोल सांभाळायचा व्यायाम आपोआप होतो, पैसे लागत नाहीत. अंधांसाठी त्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा असतात ना, त्या इथे सरळ पिंपळाच्या बुंध्यापाशी जाऊन संपतात, तर त्यावर काकांनी लिहिलं की दृष्टिहीन बांधवांना निसर्गाच्या इतक्या जवळ नेणारा हा शहरातला पहिलाच मार्ग असावा. एकही उद्गारचिन्ह नाही. सगळं कसं गंभीर चेहऱ्याने, सत्कार समारंभातल्या भाषणासारखं. आणि शेवटच्या दोन ओळींत सूर एकदम खाली: 'गेल्या महिन्यात माझी पत्नी इथेच पडली, मनगटात प्लेट बसवली आहे. फुटपाथ एकदाच आणि नीट करा.'

मी ते जसंच्या तसं लावलं आणि घरी गेले.

रात्री पानावर जाहिरात आली. नाईट डेस्कने काय केलं, मॅटर खालून कापलं. ही पेपरातली जुनी सवय आहे आणि बातमीत ती चालते, कारण बातमीत महत्त्वाचं सगळं वर असतं, खालचे दोन पॅरा गेले तरी कोणाचं अडत नाही. उपरोधाचं नेमकं उलट असतं. वरचं सगळं सोंग आणि ते कुठेतरी उतरवावं लागतं, बरेचदा शेवटी. जोनाथन स्विफ्ट या आयरिश लेखकाने 1729 साली गरीब आयरिश लोकांनी आपली पोरं श्रीमंतांना खायला विकावीत असा 'प्रस्ताव' लिहिला, अगदी हिशोबासकट, पण त्यातसुद्धा शेवटाकडे खरे उपाय येतात, म्हणजे हे उपाय मला कोणी सांगूच नका असं म्हणत म्हणत तो एकेक सांगून टाकतो. जागा नाही म्हणून तेवढाच भाग उडवला असता तर काय राहिलं असतं?

सकाळी डेस्कवर बसते न बसते तोच फोन. त्या भागातल्या एका नेत्याचे पीए. 'मॅडम, पत्र साहेबांना फार आवडलं. असं पॉझिटिव्ह कोण लिहितं हो आजकाल? ओरिजिनल मिळेल का, लॅमिनेट करायचंय.' मला आधी वाटलं हा माणूस माझी फिरकी घेतोय. नव्हता घेत. मी म्हटलं, तुम्ही पत्र पूर्ण वाचलंत का, तर म्हणे हो, साहेबांनी ग्रुपवर टाकलंय सुद्धा.

आमचे संपादक सर हसून हसून लाल झाले, मग त्यांना एकदम शिवरामपंत परांजपे आठवले. 'काळ' साप्ताहिकातली त्यांची वक्रोक्ती इंग्रज सरकारला इतकी व्यवस्थित कळली की 1908 साली मुंबई हायकोर्टात राजद्रोहाची शिक्षा झाली. सर म्हणाले, 'परक्या सरकारला मराठी टोमणा कळत होता, आणि इथे आपल्या माणसाला फ्रेम करायचाय.' आता यात सरांनी एक गोष्ट सोयीस्कर सोडली, परांजप्यांच्या लेखाचं शेपूट कोणी जाहिरातीसाठी तोडलं नव्हतं.

दुपारी आमच्या रिपोर्टरने फोटो पाठवला. त्याच गल्लीत फ्लेक्स. साहेबांचा हात जोडलेला फोटो, बाजूला 'एका ज्येष्ठ नागरिकाचे मनोगत' आणि खाली देवपूजेचं वाक्य, तोल सांभाळायचं वाक्य, सगळं. फ्लेक्सचा बांबू रोवायला दोन ब्लॉक उचकटलेले.

मी काकांना फोन लावला. ते तापलेले होते, पण फ्लेक्सवर नाही, आमच्यावर. 'अगं, माझी बायकोच कापलीत तुम्ही.' यावर मी काय बोलणार. उद्याच्या अंकात त्या दोन ओळी चौकटीत घेते म्हटलं, आणि तो फ्लेक्स उतरवायला सांगू का, असंही विचारलं. एकदम आवाज बदलला त्यांचा. 'छे छे, राहू दे की. खाली उभं राहून बघ जरा. लोक वर वाचतात, मग खाली पायाशी बघतात, मग परत वर. कॉलेजची पोरं सेल्फी काढतायत. तुमच्या पेपरात एवढं कोण वाचतं?'

खरंय ते. साहेबांचं मन वळवायला काकांनी लिहिलंच नव्हतं. ज्याला टोमणा मारतो तो एकतर चिडतो नाहीतर त्याला कळत नाही, वळतो तो बाजूला उभा राहून ऐकणारा. आणि त्यालासुद्धा पायाखाली फुटका ब्लॉक दिसत असेल तरच, नाहीतर ठाण्यातल्या वाचकाला ते पत्र खरंच मनोगत वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी चौकट छापून आली, संध्याकाळी फ्लेक्स गायब. बांबूची भोकं तशीच.

त्यानंतर काका ऑफिसला आले ते माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन. कामाचा आदेश कधीचा, ठेकेदार कोण, दोष दायित्व कालावधी किती, कारण त्या मुदतीत ब्लॉक उखडले तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात, मग दरवेळी नवीन बिल निघालं का. असे मुद्दे असताना कशाला हवी वक्रोक्ती? आपल्याकडे अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, बास. मी वाचत गेले, सगळं कोरडं ठणठणीत, आणि तिसऱ्या मुद्द्यात 'सदर भव्य फुटपाथ'. म्हटलं काका, 'भव्य' काढा.

'एवढं एक राहू दे गं.'

म्हटलं नाही. काढा.