तुम्ही विचारलंत म्हणून: हात लावता येत नाही असाच डेक का?

उन्हाळ्यात कापसाची-तुरीची कामं आटोपली की दारव्ह्याकडच्या आमच्या ओसरीवर मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळायला पोरं जमतात. नवा कोणी आला की दोन डावांतच विचारतो, "भाऊ, तुमच्या त्या बोगलले टार्गेटच करता येत नाही. असा डेक काऊन लावता?" बोगल हा माझ्या डेकमधला (पत्त्यांच्या संचातला) मुख्य पत्ता, आणि टार्गेट करणं म्हणजे नेम धरून त्याच्यावर पत्ता टाकणं. विचारण्यात थोडी नाराजी असते. डाव मांडलेला असताना याचं नीट उत्तर देणं होत नाही, म्हणून आज लिहितो.

मला ऑरा आवडतात, हे पहिलं कारण. क्रीचर म्हणजे लढणारा पत्ता, आणि ऑरा म्हणजे त्याच्यावर चढवायचा पत्ता. मुरलेले खेळाडू सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तुम्ही क्रीचरवर ऑरा टाकता, समोरचा तेवढ्यात एका पत्त्यानं क्रीचर मारतो, आणि त्याच्या एकाच्या बदल्यात तुमचे दोन जातात. स्लिपरी बोगल हा एका मानाचा (माना म्हणजे पत्ता खेळायला लागणारी शक्ती) 1/1 (ताकद 1, टिकाव 1), दिसायला अगदीच किरकोळ. पण तो हेक्सप्रूफ आहे. समोरच्याचं स्पेल किंवा अ‍ॅबिलिटी त्याला टार्गेट करू शकत नाही, माझं करू शकतं. (श्राउडवाली क्रीचर इथे कामाची नाहीत, त्यांना मालकालाही टार्गेट करता येत नाही.) जे पत्ते कोणी डेकमध्ये घेत नाही, ते बोगलवर चढले की डाव जिंकून देतात. मला यात खरा आनंद वाटतो.

दुसरं कारण आमच्या गावाचं आहे. इथे नवे पॅक विकणारं दुकान नाही. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली पोरं सुट्टीत येताना उरलेले पत्ते घेऊन येतात, आणि त्यात बहुतेक कॉमनच, म्हणजे सहज मिळणारे, असतात. आम्ही पॉपर खेळतो; त्यात फक्त कॉमन म्हणून छापलेले पत्ते चालतात. बोगल, ग्लेडकव्हर स्काउट, रँकर, इथेरिअल आर्मर, आर्माडिलो क्लोक हे सगळे कॉमन. दुसऱ्याच्या डब्यात पडून राहिलेल्या पत्त्यांतून एवढा दमदार डेक उभा राहतो.

आता बांधणीकडे येऊ, कारण खरा विचार तिथेच करावा लागतो. डेक 60 पत्त्यांचा, एका नावाचे जास्तीत जास्त चार. बोगल चार आणि स्काउट चार, एवढीच हेक्सप्रूफ क्रीचर ठेवली तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता साधारण 65 टक्के. सिल्हाना लेजवॉकर चार घातली की ती 81 टक्क्यांवर जाते. लेजवॉकर दोन मानाची, म्हणून काही जण ती कमी ठेवतात. मी चारही ठेवतो. हातात क्रीचर नसेल तर पत्ते कितीही देखणे असोत, मी मुलिगन घेतो, म्हणजे तो हात टाकून नवे पत्ते उचलतो. ऑरांनी भरलेला हात क्रीचरवाचून निव्वळ वजन आहे.

हातात हवे ते पत्ते आले तर काय होतं ते बघा. पहिल्या टर्नला बोगल. दुसऱ्याला इथेरिअल आर्मर आणि रँकर. आर्मर माझ्या प्रत्येक एन्चांटमेंटमागे (ऑराही त्यातच येतात) +1/+1 आणि वर फर्स्ट स्ट्राइक (समोरच्याच्या आधी मारणं) देतो, रँकर +2/+0 आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला). बोगल 5/3 झाला. तिसऱ्या टर्नला अ‍ॅन्सेस्ट्रल मास्क चढला की तोच 10/8. अडवायला कोणी नसेल तर दोन चालींत (5 आणि 10) समोरच्याचं 20 पैकी 15 लाइफ तिथेच गेलं.

पण "मारताच येत नाही" हे मला पटत नाही. हेक्सप्रूफ फक्त टार्गेट होऊ देत नाही, बाकी सगळं उघडं असतं. चेनर्स ईडिक्ट टार्गेट करतं ते खेळाडूला, आणि क्रीचरचा बळी मला स्वतः द्यावा लागतो. म्हणून मी कार्टूश ऑफ सॉलिडॅरिटी घालतो. त्यासोबत 1/1 वॉरिअरचं टोकन येतं (आमच्याकडे चिंचोका ठेवतो), आणि बळी त्याचा जातो. क्रिप्ट रॅट्स सगळ्यांनाच डॅमेज देतात, त्यांच्यासाठी हायना अंब्रा. क्रीचर नष्ट होणार असेल तर त्याच्याऐवजी अंब्रा जातो. ईडिक्टपुढे मात्र अंब्रा काही करू शकत नाही, हे नवी पोरं हमखास विसरतात.

आणि सगळ्यांत मोठी फट ऑराच. हेक्सप्रूफ बोगलला आहे, त्याच्यावरच्या ऑरांना नाही. तेव्हा पोरांनो, साइडबोर्डात (दोन डावांमध्ये बदलायला बाजूला ठेवलेल्या पत्त्यांत) डिसएन्चांट ठेवा, तो ऑरा नष्ट करतो. माझा 5/3 बोगल चाल करून आला की घाई करू नका. आधी ब्लॉकर लावा, मग डॅमेजच्या आधी आर्मरवर डिसएन्चांट टाका. फर्स्ट स्ट्राइक जातो, बोगल 3/1 वर येतो, आणि तुमचा साधा 1/1 ब्लॉकरही त्याला मारतो. रँकर माझ्या हातात परत येईल, पण तो चढवायला माझ्याकडे क्रीचर नसेल.