बीएसए-सोन्याचे नॅनोक्लस्टर : चौथी खेप उजळली

सोन्याचे नॅनोक्लस्टर म्हणजे सोन्याच्या मोजक्या अणूंचे चमकणारे पुंजके, इथे प्रथिनात बनवलेले. चौथ्या खेपेतली कुपी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली लाल दिसते आहे. कृती २००९ साली सिंगापूरमधल्या संशोधक जॅकी यिंग यांच्या गटाने दिलेलीच. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (बीएसए, गाईगुरांच्या रक्तातलं प्रथिन) ५० मिग्रॅ/मिली, ५ मिली. क्लोरोऑरिक आम्ल (हाच सोन्याचा क्षार) १० मिलिमोलर, ५ मिली. ३७ अंशांवर जोरात ढवळत एकत्र करायचं, दोन मिनिटांनी १ मोलर कॉस्टिक सोडा ०.५ मिली, मग १२ तास त्याच तापमानाला. फिकट पिवळा रंग हळूहळू गडद तपकिरी होतो.

तिसरी खेप मात्र रात्रभर पिवळीच राहिली. सोनं ठीक होतं, दोष सोड्याचा. उघडझाप होणाऱ्या बाटलीतला सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतो आणि पीएच १२ च्या आसपास पोचतच नाही. इथे वेगळा क्षपणक, म्हणजे सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचं धातूत रूपांतर करणारा पदार्थ, नसतो. ते काम प्रथिनातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल करतं, आणि तेही पीएच १० च्या वर गेल्यावरच नीट. म्हणून सोडा ताजा: ४ ग्रॅम, १०० मिली होईपर्यंत पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत. पीएचपट्टी लावून खात्री करा.

दुसरी खेप जांभळट-गुलाबी झाली होती. म्हणजे क्लस्टर नव्हे, मोठे कण. ५२० नॅनोमीटरजवळ प्रकाशाचं शोषण, चमक शून्य. सोन्याच्या क्षाराला स्टीलचा चमचा लागला होता. लोखंडावर सोनं लगेच बसतं, आणि सुटलेल्या कणांवर बाकीचं सोनं वाढत जातं. प्लास्टिकचा चमचा, कोऱ्या कुप्या. हातमोजे तर हवेतच. या क्षाराचा जांभळा डाग कातडीवरून कित्येक दिवस जात नाही.

अल्ब्युमिन हलवून विरघळवू नका, फेस होतो. पाण्यावर भुरभुरून ठेवा, आपोआप खाली बसत विरघळतं.

लाल चमक ६४० नॅनोमीटरजवळ असते, क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी चमक म्हणून परत येणारे) जेमतेम ६ टक्के. ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चचा जांभळा प्रकाश ती झाकून टाकतो, तेव्हा मध्ये नारिंगी फिल्टर धरा. निळसर झाक दिसली तर हुरळू नका, नुसतं प्रथिन आणि सोडाही तेवढं देतात. सोन्याऐवजी पाणी घातलेली एक कुपी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

आता डायलिसिस, म्हणजे उरलेले लहान रेणू आणि आयन पाण्यात निघून जाऊ देणं: १२-१४ किलोडाल्टनची (त्याहून मोठे रेणू आत धरणारी) पातळ पडद्याची नळी, ऊर्ध्वपातित पाणी, २४ तास, पाणी तीन-चारदा बदलून. नंतर फ्रिजमध्ये ४ अंशांना, खाण्याच्या फ्रिजमध्ये नव्हे. तांब्याच्या आयनांनी चमक विझते का, आणि ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घातल्यावर परत येते का, ते पुढे तपासायचं आहे. चमक पाऱ्याच्या आयनांनीही विझते, पण पाऱ्याचा प्रयोग घरी नकोच.