तुम्ही विचारलंत म्हणून: एसएमपीएसला एवढे पैसे कशाला?

बारावीचा निकाल लागला की सांगलीत माझ्याकडे पीसी असेंबल करायला पालक येतात, यादी बघतात आणि एकाच ओळीवर बोट ठेवतात: एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. "कॅबिनेटबरोबर पाचशे वॅटचा एसएमपीएस येतोय की, मग हे वेगळे चार हजार कशाला?" कमिशन मिळतं का, असंही दोघातिघांनी तोंडावर विचारलंय. मिळत नाही.

त्या एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. पाचशे मोठ्या अक्षरात असतं. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा. १६ असतील तर बारा सोळं १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड चालतात ते मुख्यतः त्यावरच.

२०१७ साली हे गणित मला येत होतं. तरी गावभागातल्या मामेभावाला मी असाच एसएमपीएस बसवून दिला. लग्नाचे अल्बम करतो तो. त्याला जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड हवंच होतं आणि बजेट संपलं होतं. कार्डाचे १२० वॅट, प्रोसेसरचे ६५, झाले १८५, बसतंय, म्हटलं. हार्ड डिस्क, पंखे मी धरलेच नाहीत.

पुढच्या एप्रिलात वळीव आला. लाइट गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा कॅबिनेटमधून फट् झालं. मी पोचलो तेव्हा खोलीभर जळका वास होता. एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कच्या सर्किटवर काळा डाग. तिच्यात दोन लग्नं होती आणि कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट झाली होती. पुण्याला पाठवूनही डेटा निघाला नाही. तो म्हणाला, "दादा, दोन्ही घरी जायचंय. तू चल संगं, कंप्युटरचं तू सांग." मिरजेत काम आहे म्हणालो. काम नव्हतं. तो एकटा गेला, ॲडव्हान्स परत करून आला.

तेव्हा मी सगळ्यांना लाइटचा दोष सांगत होतो. त्या जुन्या घरात अर्थिंग धड नव्हतं, हे खरंच आहे. चांगल्या एसएमपीएसने ती डिस्क वाचलीच असती, असं आजही छातीठोक सांगता येत नाही. पण चांगल्यात व्होल्टेज चढलं की स्वतःहून बंद होणारी सोय असते. मी दिलेल्याच्या खोक्यावर तिचा उल्लेखही नव्हता, आणि ते खोकं मी हातात धरून घेतलं होतं.

८० प्लसचा शिक्का असला की झालं का, हेही विचारता. तो शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. आणि ८५० वॅट मी कुणाच्या गळ्यात मारत नाही. आरटीएक्स ३०६० कार्डाला कंपनीच ५५० म्हणते, मी तेवढाच लिहितो.

मामेभावाने पुढचा पीसी दुसरीकडून घेतला. ग्राफिक्स कार्ड नाही, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच, जोडीला यूपीएस. सहा वर्षं चालतोय. दिवाळीला गेलो तेव्हा मी म्हटलं, हा एसएमपीएस तेवढा बदल. त्याने कपाट उघडून दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क दाखवल्या आणि चहा ठेवायला आत गेला.