एप्सन पी-२०००: भिगवणहून परतल्यावरची नोंद

एप्सन पी-२००० हा फोटो साठवायचा आणि पाहायचा खिशात मावेल असा प्लेअर, २००४ सालचा. तेव्हा कॅमेऱ्याचं एक जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डसुद्धा खिशाला जड जायचं. दौऱ्यावर कार्ड भरलं की ते याच्या ४० जीबी डिस्कवर उतरवायचं आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं, हे याचं मुख्य काम. वर व्हिडिओ आणि गाणी. जुन्या डीएसएलआरवर अजून जीव असलेल्या आपल्यासारख्यांना तो आज कितपत उपयोगी आहे, हे मी तपासतोय.

सुरुवात बॅकअपपासून केली, कारण तिथे नापास झाला तर बाकीचं बघण्यात अर्थ नाही. माझ्या निकॉन डी७० या जुन्या डीएसएलआरचं भरलेलं कार्ड खाचेत घातलं, कॉपी केलं. मग तेच कार्ड रीडरमधून लॅपटॉपला लावलं, पी-२००० यूएसबीने जोडला आणि दोन्हीकडच्या फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे, ताडून पाहिले. सगळे जुळले. नुसती फाइलींची संख्या आणि आकार जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. आतून बिघडलेली फाइलही आकाराने तंतोतंत असू शकते. चेकसमला वेळ लागतो, पण सेकंडहँड यंत्रावर भरवसा ठेवायचा तर दुसरा मार्ग नाही.

प्रत्येक कॉपीला तारखेचं नवं फोल्डर बनतं, हे मला फार आवडलं. डी७० फाइलींना चारच आकडे देतो, ९९९९ नंतर पुन्हा ०००१. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं असतं तर केव्हातरी एका नावाचे दोन फोटो समोरासमोर आलेच असते.

तरीही चेकसम जुळले म्हणून कार्ड पुसायचं नाही, हा माझा नियम कायम आहे. आतली डिस्क फिरती आहे आणि तिचं वय झालंय. कार्ड पुसलं की हातात पुन्हा एकच प्रत उरते, मग बॅकअप कसला? आज सीएफ कार्डं तेव्हाच्या मानाने खूपच स्वस्त आहेत. दोन जास्तीची बाळगावीत आणि पी-२०००ला दुसरी प्रत समजावं.

भिगवणला होडीतून पक्षी टिपताना खरी मजा आली ती पडद्याची. डी७०च्या मागचा पडदा १.८ इंची, १ लाख ३० हजार ठिपक्यांचा. त्यावर रोहित पक्ष्याचा डोळा फोकसमध्ये आहे की चोच, हे छातीठोक सांगता येत नाही. पी-२०००चा पडदा ३.८ इंची, ६४० × ४८० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला सुमारे २१० पिक्सेल. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) सोबत जेपेग ही तयार फोटोची फाइलही काढत होतो, ती मोठी करून पाहिली आणि पिसांवरचा प्रकाश कुठे जळलाय ते तिथल्या तिथे दिसलं. पुढच्या फेरीत एक्स्पोजर कमी करता आलं. उघड्या होडीत उन्हात मात्र पडदा फिका पडतो. टोपीची सावली धरावी लागते.

व्हिडिओचं थोडक्यात. मोबाइलवरची एच.२६५ या नव्या व्हिडिओ प्रकारातली फाइल चालणार नाही, एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने एमपेग-४ या जुन्या प्रकारात बदलून घ्यावी लागते. पडदा ४:३ असल्याने १६:९ चित्राला ६४० × ३६० एवढीच जागा मिळते. केवळ व्हिडिओसाठी हा घेऊ नका, असंच मी सांगेन.

कार्डांबाबत एक सूचना: एसडीएचसीचं, म्हणजे दोन जीबीहून मोठ्या एसडी कार्डांचं, मानक २००६ मध्ये आलं, म्हणजे या यंत्रानंतर. त्यामुळे एसडीच्या खाचेत दोन जीबीपर्यंतचं साधं कार्डच धरून चाला. सीएफची वरची मर्यादा मला अजून शोधायची आहे. पुढच्या खेपेला ८ आणि १६ जीबीची कार्डं फॅट३२ या फाइल-पद्धतीने फॉरमॅट करून, पूर्ण भरून, याच चेकसम पद्धतीने तपासणार आहे. कुणी आधीच करून पाहिलं असेल तर कार्डाची क्षमता, फॉरमॅट आणि पूर्ण कॉपीला लागलेला वेळ, एवढं जरूर कळवा.