एक थेंब पाणी

लंडनमधल्या एका संग्रहालयात मी जुन्या कागदांची डागडुजी करते. त्या दिवशी टेबलावर आला जपानच्या एदो काळातला (सतरावं ते एकोणिसावं शतक), लाकडी ठशांनी छापलेला उचिवाचा, म्हणजे न मिटणाऱ्या पंख्याचा कागद. पुढे गारवेलीची फुलं, मागे सुसुकी गवताचे तुरे. सुसुकी खरं तर शरदातलं. पण पंखे खपायचे उन्हाळ्यात, आणि घामाघूम गिऱ्हाइकाला पुढच्या ऋतूच्या नुसत्या चित्रानेही गार वाटतं, हा हिशेब मला फार आवडतो.

खालच्या कडेला तपकिरी डाग होता. प्रदर्शनाआधी तो घालवा, असा वरून निरोप.

असे कागद सहसा करकरीत असतात, कारण टिकले ते बहुतेक पंख्याला कधी चिकटवलेच नव्हते. बाकीचे एक उन्हाळा वापरून लोकांनी फेकून दिले. मी सवयीने दिवा आडवा धरला आणि थबकले. मुठीच्या जागेपासून वर फाकत गेलेले बारीक वळ, बांबूच्या काड्यांचे! हा वापरलेला होता. म्हणजे डाग बहुधा कुणाच्या तरी हाताचा.

ओलं करण्याआधी रंग तपासावे लागतात. भिंगाखाली आकाशाच्या गडद पट्ट्यावर सुईच्या टोकाएवढा थेंब ठेवला, टिपला. टिपकागद पांढराच. तो प्रशियन निळा, १८३० च्या सुमारास जपानी छपाईत रुळलेला. पाण्याला दाद देत नाही. मग पाकळीवर थेंब. टिपकागद निळा झाला आणि माझ्या पोटात गोळा आला.

दुपारी वर्णपटाच्या यंत्राने नाव सांगितलं: त्सुयुकुसा, जपानातलं एक निळं फूल. या फुलांचा रस कागदात मुरवून वाळवतात, लागेल तेव्हा तुकडा भिजवून रंग काढतात. किमोनो रंगवणारे नक्षी आखायला हाच रस घेतात, कारण पाण्याने तो निघून जातो. आपला केना त्याचाच भाऊबंद. आजी बांधावरचा केना खुडून भजी करायची. आम्ही फुलं चुरगाळून बोटं निळी करायचो, पाटात हात बुडवले की साफ. भिंगाशी बसून वीस वर्षं झाली, तरी पाकळीचा निळा पाहून हे आठवलं नाही ते नाहीच.

अहवालात लिहिलं, ‘पाणी लावू नये.’ विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “आणि डाग?”

“राहू दे. ज्याने वारा घेतला त्याचा आहे.”

दोन दिवस कुरबुर झाली. शेवटी कागद डागासकट मांडला, ५० लक्सच्या मंद उजेडात, तोही तीनच महिने.

पाकळीवर माझ्या थेंबाचा फिकट ठिपका आहे. भिंगाशिवाय दिसत नाही. त्याचा फोटो मी अहवालाला जोडला.