तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी आपली आपण चालते का?

माझ्या इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबर प्लेट दिसली की नाशिकच्या गंगापूर रोडच्या सिग्नलवर शेजारचा बाइकवाला काच खाली करायला लावतो, "आपली आपण चालते का हो?" लग्नकार्यात काकामंडळीही तेच विचारतात. मागोमाग दुसरा प्रश्न येतोच, "आणि मुंबईपर्यंत पोचते का?"

आपली आपण चालत नाही. आपल्याकडच्या गाड्यांत मिळतं ते अ‍ॅडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, तीही लेव्हल 2 ची. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, पट्ट्यांच्या मधे राहणं, धडक होईलसं वाटलं तर ब्रेक मारणं, एवढंच त्याचं काम. नजर रस्त्यावर आपलीच, आणि काही झालं तर जबाबदारीही आपलीच. टेस्ला जुलै 2025 मध्ये मुंबईत आली, तेव्हा 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग'चे 6 लाख वेगळे लावले होते, पण आपल्या रस्त्यांवर ती सोय सुरूच नव्हती. ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल म्हणून विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, हे गडकरींनी 2023 मध्येच सांगून टाकलंय.

समृद्धी महामार्गावर मात्र अ‍ॅडासला मी नावं ठेवणार नाही. इगतपुरीच्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यात पट्टे स्वच्छ, दुचाक्यांना बंदी, गाडी कशी शहाण्यासारखी जाते. सिन्नरला खाली उतरलं की तिचं शहाणपण संपतं. राखलेल्या अंतरात लगेच कोणीतरी बाइक घुसवतो, गाडी कचकन ब्रेक मारते, मागचा टेम्पोवाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. संध्याकाळी कांद्याची ट्रॉली पुढे असेल, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, तर मी क्रूझ कंट्रोल (वेग आणि अंतर राखणारी सोय) सरळ बंद करतो. (आमच्या हिला या यंत्रणेचं ते 'पीं पीं' मुळातच आवडत नाही. तीही एक चिंता मिटते.)

आता दुसरा प्रश्न. मुंबई ती काय, पावणेदोनशे किलोमीटरही नाही. जाताना कसारा घाट उतरताना थोडी बॅटरी परतही मिळते. काळजी गाडीची नसते, चार्जरची असते. हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात 60 किलोवॅटच्या चार्जरची पाटी बघून आपण खूश होतो. जवळ गेलं की चार्जिंगची एक गन (गाडीला लावायचा प्लग) बंद. दुसरी चालू, पण तिच्यासमोर डिझेलची एसयूव्ही लावून मालक आत मिसळ खातायत. दोन्ही गन चालू असल्या तरी बऱ्याच ठिकाणी वीज वाटली जाते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 30. त्यात 80 टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तरी पुढचा शंभर करूनच हलणार! प्रत्येक कंपनीचं अ‍ॅप वेगळं, वॉलेट वेगळं, त्यात अडकलेले पैसे वेगळे. गाडीवर जीएसटी 5 टक्के आणि बाहेरच्या चार्जिंगवर 18, हे गणित मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

गाडीने स्टिअरिंग फिरवावं अशी माझी अपेक्षाच नाही. चार्जरने कार्ड किंवा यूपीआय घ्यावं, वर पत्रा असावा, तिथे एक माणूस असावा. पेट्रोल पंपावर आपण यापेक्षा वेगळं काय मागतो?

तेव्हा, घ्यायची असेल तर शोरूमच्या आधी सोसायटीच्या सभेत जा. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा 15 अँपियरचा सॉकेट मिळाला, तर रात्रभरात रोजच्या धावपळीपुरतं भागतं. सेक्रेटरींनी "बघू" म्हटलं, तर गाडीचं बुकिंगही बघूच.