आपल्या शाळेत दुपार किती वाजता होते? गणित-विज्ञान प्रशिक्षणाचा माझा अनुभव

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. सतरा वर्षांच्या नोकरीत प्रशिक्षणं खूप केली, बहुतेक वेळा पीपीटी बघायची, सही करायची, चहा घ्यायचा आणि संध्याकाळी पाचची एसटी पकडायची असाच दिवस जायचा. म्हणून फेब्रुवारीत पाच दिवसांच्या कार्यशाळेचा आदेश आला तेव्हा खरं सांगते, पोर्शन मागे राहील याचंच टेन्शन जास्त होतं. विषय होता मुलांनी स्वतः शोध घेत शिकावं असे गणित-विज्ञानाचे घटक शिक्षकांनीच तयार करायचे.

पहिल्या दिवशी पीपीटी नाहीच. सकाळी दहालाच सगळ्यांना मैदानावर नेलं, चार-चार जणांचा गट, प्रत्येक गटाला एक मीटरची काठी, ओळंबा, टेप आणि खडू. काठी उभी रोवायची, ओळंब्याने सरळ आहे का बघायचं आणि सावली सगळ्यात लहान, म्हणजे खरी दुपार, नेमकी किती वाजता होते ते शोधायचं, एवढंच सांगितलं. आमच्या गटातले सर म्हणाले, "त्यात काय शोधायचं, बारा वाजता." मलाही तसंच वाटत होतं. कितीतरी वर्षं मी वर्गात तेच सांगत आले होते.

बाराला सावली मोजली ६५ सेंमी. सव्वाबाराला ६२. साडेबाराला ६०. अजून कमीच होतेय! पाऊण वाजता साडेएकोणसाठ, एकला परत ६०च्या आसपास, सव्वाला ६१. म्हणजे पाऊणच्या जवळपास कुठेतरी, पण नेमकी कधी ते कळेना, कारण तिथे सावली जवळजवळ हलतच नाही. मग दुसऱ्या गटातल्या एका ताईंनी युक्ती काढली. त्यांनी बाराला सावलीच्या टोकापर्यंतची त्रिज्या घेऊन काठीभोवती दोरीने वर्तुळ काढून ठेवलं होतं, आता सावलीचं टोक पुन्हा त्या वर्तुळाला कधी टेकतं ते बघायचं आणि दोन वेळांचा मध्य काढायचा. एक छत्तीसला टेकलं. मध्य बारा अठ्ठेचाळीस! जेवणाची घंटा कधीच होऊन गेली होती पण एकही जण उठला नाही. नंतर तज्ज्ञ ताईंनी सांगितलं की ही पद्धत आपल्याकडे कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या भूमितीच्या प्राचीन ग्रंथात आहे, काठीला तिथे शंकू म्हणतात, आणि त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिमही मिळते. अंगावर काटा आला माझ्या.

मग बारा अठ्ठेचाळीसच का यावर अख्खी दुपार गेली. आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर, सातारा आहे ७४च्या आसपास, फरक साडेआठ अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं म्हणजे ३४ मिनिटं. उरलेली १४ मिनिटं कुठून आली? ती पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोलामुळे आणि अक्ष कललेला असल्यामुळे, फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या तेवढा मागे असतो. हे कुणी फळ्यावर लिहून दिलं असतं तर मी संध्याकाळपर्यंत विसरले असते.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी, घटक लिहायला बसल्यावर. मी आपलं नेहमीच्या पाठटाचणासारखं लिहिलं, उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. तज्ज्ञ ताईंनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, निष्कर्ष तुम्ही आधीच लिहिलाय, कृतीतली प्रत्येक पायरीही तुम्हीच दिलीय. मग मुलांनी काय ठरवायचं?" मला वाईट वाटलं, चांगले दोन तास घालवले होते त्यावर. पण रात्री परत वाचलं तेव्हा पटलं. कृती होती, शोध नव्हता. मुलं स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतात म्हणून आपण रचनावाद रचनावाद म्हणतो, आमच्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांची तर त्यासाठी राज्यभर चर्चा झाली, पण प्रश्न मुलांच्या हातात द्यायचा म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत असंच विज्ञान सुरू झालं होतं, तिथेही शिक्षक आधी स्वतः प्रयोग करायचे, चुकायचे, भांडायचे, मग वर्गात जायचे, हेही तिथेच ऐकलं.

तीन वेळा खोडून लिहिलं. शेवटी घटकाचा प्रश्न एकाच ओळीचा ठेवला, आपल्या शाळेत दुपार किती वाजता होते? काठी किती उंच, किती वेळाने मोजायचं, वहीत तक्ता कसा करायचा हे मुलं ठरवणार. मी फक्त "तुला कसं कळलं?" एवढंच विचारणार. चौथ्या दिवशी सहकाऱ्यांनाच विद्यार्थी करून पाठ घेतला, तिथे माझ्या तोंडून दोनदा उत्तर निसटलं आणि मागे बसलेल्या सरांनी दोन्ही वेळा चिठ्ठीवर टिपून ठेवलं. ती चिठ्ठी अजून माझ्या पाठटाचणाच्या वहीत आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी सातवीत घटक सुरू केला. २१ मुलं, पहिला दिवस नुसता गोंधळ, एका गटाची काठी तिरकी, एका गटाने सावली पायातल्या जोड्याने मोजली. मी बोलायचं नाही म्हणून अक्षरशः ओठ दाबून उभी होते. तिसऱ्या दिवशी मुलंच म्हणाली की जोडा प्रत्येकाचा वेगळा असतो, टेप पाहिजे. झेंड्याच्या खांबाची उंची तर त्यांनी मी न सांगता काढली, काठीची सावली काठीच्या निम्मी तर खांबाचीही सावली निम्मीच असणार, गुणोत्तर प्रमाणाचा धडा तिथेच झाला. मात्र आठ तासिकांचं नियोजन तेरावर गेलं आणि बाकीचा पोर्शन मला शनिवारी जादा तास घेऊन भरून काढावा लागला, हे लपवत नाही. वरून वेळ मोकळा करून मिळाल्याशिवाय सगळ्या शिक्षकांना हे जमणार नाही.

पण दोन आठवड्यांत मीटरच्या काठीची दुपारची सावली ५० सेंमीवरून ३९ वर आली आणि एक मुलगा म्हणाला, "मॅडम, अशीच कमी होत गेली तर एक दिवस संपेल की!" हा प्रश्न माझ्या घटकात नव्हता. मुलांनी आलेख काढला, पट्टी लावून रेघ पुढे वाढवली, एप्रिलच्या शेवटी शून्य येत होतं. मला माहीत होतं की आमच्याकडे शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते, पुढे पुढे सावली कमी व्हायचा वेग मंदावतो म्हणून. तरी गप्प राहिले. एप्रिलच्या शेवटी सावली शिल्लकच होती, तेव्हा मुलांनीच आलेखाची रेघ वाकवली.

सुट्टी लागली तरी व्हॉट्सॲप ग्रुप चालू ठेवला. ११ मेला बारा-तीसला फोटो यायला लागले, अंगणात उभं केलेलं लाटणं, स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, कशालाच बाजूला सावली नाही. मी खूप वेळ ते फोटो बघत बसले.

आणि १६ मेला एका मुलीचा आवाजातला मेसेज आला. "मॅडम, सावली परत आलीय, बारीकशी. पण पलीकडच्या बाजूला पडतीय. आपण इतके दिवस खुणा केल्या त्या सगळ्या शाळेच्या अंगाला होत्या ना, ही देवळाच्या अंगाला आहे. असं का?"

मी लिहिलं, "तुला काय वाटतं?" आणि घटकाची फाईल पुन्हा उघडली.